स्वामींना घाम येत नसे त्याविषयी

राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर
अग्निनक्षत्राच्या आधीचा शुक्रवार

तीर्थस्वरूप वेंकूमामांच्या चरणी भीमसेनाचा साष्टांग नमस्कार. (कपाळ फरशीला टेकलं की गार लागतं आणि मग मला उठवत नाही. पाहणारे त्याला भक्ती समजतात. आपल्या घराण्याचं अर्धं अध्यात्म असंच गार फरशीवर उभं आहे, पण ते पुढे येईल.) आपली प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? आणि पाठीवरचं घामोळं बसलं का? (हा प्रश्न कृपा करून मोठ्याने वाचू नये. ज्या महापुरुषाला घाम येत नाही असं सगळ्या कावेरीकाठाला ठाऊक आहे, त्याला घामोळं कसं होईल, असा पेच भक्तांना पडेल.) आईने चंदनाची वडी पाठवली आहे, ती उगाळून लावावी. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो.

फोनच केला असता, पण तुमचा फोन तुमच्या शिष्याच्या, त्या सतीशकुमारच्या कमरेला असतो आणि तो स्पीकर लावून सगळ्या ओसरीला ऐकवतो. मागे आईने तुमच्या मूळव्याधीची चौकशी केली ती बाहेर रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मठात सुरणाचा ढीग लागला. तेव्हा पत्रच बरं. शिवाय देवनागरी वाचणारे आता आपल्या गोतावळ्यात तुम्ही, मी आणि आई एवढेच उरलो. माझी बहीण श्रीलक्ष्मी अक्षरं लावत लावत देवळावरची पाटी वाचते आणि तिच्या सासूला तर हे सगळं वाळत घातलेल्या धुण्यासारखं दिसतं. आपल्या पूर्वजांनी ही लिपी इतक्या लांब उचलून आणली ती बहुधा याचसाठी, की एक दिवस भाच्याला मामाशी चारचौघांच्या देखत खाजगी बोलता यावं.

तर आधी आजोबांविषयी. त्यांची थोरवी मी तुम्हाला सांगणं म्हणजे आजोळच्या गोष्टी मामाला सांगण्यासारखं आहे, पण माझ्या पद्धतीने एकदा ऐका. सांबशिवराव, म्हणजे लोकांचे सांबस्वामी, बारा महिने ओलेत्याने असत. धोतर ओलं, खांद्यावरचा पंचा ओला. इतकं कडक सोवळं कुंभकोणापर्यंत कोणी पाळलं नाही, असं लोक म्हणत. चित्रै-वैकासीच्या उन्हात ते दिवसदिवस देवळाच्या कुळात, म्हणजे तळ्यात, गळ्याइतक्या पाण्यात उभे राहत, त्याला जलतप म्हणत. जेवण म्हणजे मऊ पेज आणि कालवलेला दहीभात, त्याला सात्त्विक आहार म्हणत. डोईवर केस जन्मतःच नाहीत, म्हणजे हा बाळपणापासूनच संन्यासी. होमापुढे बसले तरी कपाळावर घामाचा थेंब नाही, म्हणजे अग्नी यांना शिवत नाही. आणि दोनच आहुत्या टाकून ते ताडकन उठून पाण्याकडे जात, त्याला भावावस्था म्हणत. मामा, मी आजोबांना पाहिलेलं नाही, पण त्या भावावस्थेत माझं निम्मं आयुष्य गेलं आहे आणि तिच्यात देवाचा संबंध येत नाही. माणूस आतून उकडत असतो आणि त्याला पाणी हवं असतं.

कारण नाव भीमसेन असलं तरी माझ्या तोंडात दात चार, तेही तासलेल्या पेन्सिलीसारखे टोकदार. (बँकेच्या मुलाखतीला गेलो तेव्हा कवळी नवी होती. "आपली बलस्थानं कोणती?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं आणि ते टेबलावर जाऊन पडलं.) डोक्यावर केस आहेत, पण इतक्या अंतराने की त्यांची एकमेकांशी ओळख नाही. आणि घाम नाही. नोकरीसाठी बँक निवडली ती देशाच्या अर्थव्यवस्थेवर प्रेम होतं म्हणून नव्हे, तिथे एसी होता म्हणून. दुचाकीवरून जाताना पिशवीत झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली ठेवतो आणि सिग्नलला स्वतःवर मारतो. एवढं सगळं असून गादी मला मिळाली नाही, कारण गादी मुलाला जाते, मुलीच्या मुलाला नाही. ती तुम्हाला मिळाली आणि तुमच्या डोक्यावर तर ऐन तारुण्यात असं जंगल होतं म्हणे की आई त्यात फणी विसरायची. तेव्हापासून तुम्ही रोज पहाटे दार लावून डोकं भादरता, बत्तीस दात असताना लोकांसमोर पेज ओरपता आणि ओल्या पंचाखाली धो धो घामता. मला त्याचं हसू येतं तितकंच वाईटही वाटतं. चकलीसारख्या कुरकुरीत मुरुक्कूचा चावताना आवाज होतो म्हणून माणसाने आयुष्यभर मुरुक्कू सोडावा, हे तप आजोबांच्या तपापेक्षा मोठं आहे.

आता तिरुवैयारूचं जावळ. त्या दिवशी तुम्ही यजमानाच्या जागी होतात, तरी तुम्ही पाहिलं ते एक आणि मी पाहिलं ते दुसरं, म्हणून लिहितो. श्रीलक्ष्मीचं बाळ म्हणजे आपला सांबू, आजोबांचंच नाव. डोकं गुळगुळीत, हिरड्या गुळगुळीत. वर्ष उलटलं तरी दात नाही, जावळ नाही. त्याच्या आजीने, म्हणजे श्रीलक्ष्मीच्या सासूबाई चंद्रमतीमावशींनी, स्वामी परत आले असं जाहीर केलं आणि तुम्ही मान हलवलीत. (तुम्ही डास उडवत होतात, पण मठात डास उडवला तरी त्याचा अर्थ लावतात.) स्वामी परत आले तरी जावळ चुकत नाही. आपल्या रिवाजाप्रमाणे पोर मामाच्या मांडीवर, म्हणजे माझ्या. नदीत पाणी नाही, नुसती तापलेली वाळू, घाटावर मांडव आणि मांडवात होम. न्हावी वस्तरा पाजळून आला, त्याने बाळाच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या, मग शेजारी बसलेल्या तुमच्या. पहिल्या बसने निघाल्यामुळे तुमची त्या दिवशीची हजामत राहिली होती. उन्हात खुंट स्पष्ट दिसत होते. तिघांत केस म्हणावेत असे तिथेच होते, तेव्हा त्या बिचाऱ्याने सरळ तुमच्या टाळूला पाणी लावलं. तुम्ही "शिव शिव" म्हणून डोक्यावरून पंचा ओढलात, ते लोकांना विनय वाटलं. शेवटी त्याने बाळाच्या डोक्यावरून हवेतल्या हवेत वस्तरा फिरवला आणि दक्षिणा मात्र पूर्ण घेतली.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग तुम्ही तूप सोडायला लागलात, ज्वाळा उठल्या आणि माझ्या मांडीवरचं पोर तापायला लागलं. रडणं थांबलं. अंग लालबुंद आणि कोरडं, डोळे अर्धे मिटलेले, मान कलंडली. चंद्रमतीमावशी हात जोडून म्हणाल्या, बाळाची समाधी लागली. मांडवातले सगळे उठून नमस्कार करू लागले. तुम्ही म्हणालात, उष्णता हे तपाचं लक्षण आहे, आणि आणखी एक पळी तूप घातलंत. मामा, मी तुमच्यावर रागावलो नव्हतो, रागवायला वेळ नव्हता. त्या समाधीत मी लहानपणी कितीदा तरी जाऊन आलो आहे. तिथे कान बंद होतात, जिभेचं चामडं होतं आणि माणसं फार दूर गेल्यासारखी दिसतात. मी पोर उचललं आणि पळालो. घाटाच्या पायरीवर पन्नीर सोड्याची, म्हणजे गुलाबपाण्याच्या सोड्याची, गाडी होती, तिच्या बर्फाच्या पेटीत त्याला बाटल्यांच्या मधोमध बसवलं आणि पेटीतलं पाणी ओंजळीने डोक्यावर घातलं. (माझ्याही घातलं. घराण्याचा मान.) थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, एक बाटली मिठीत घेतली आणि बोळकं पसरून हसला. सोडावाल्याने पैसे घेतले नाहीत, पण त्यानंतर त्या पेटीतला सोडा प्रसाद म्हणून दुप्पट भावाने विकला असं ऐकतो.

मला वाटलं आता तरी मंडळींच्या डोक्यात उजेड पडेल. पडला तो भलताच. स्वामींनी बर्फात बसून लीला दाखवली, असं गावभर झालं आणि चंद्रमतीमावशींनी ठरवलं की समाधीत विघ्न आणणारा मामा पुन्हा बाळाजवळ नको. मी एसी घेऊन गेलो तर त्यांनी तो बसवू दिला नाही. स्वामींचं तेज यंत्राने उतरवायचं नसतं म्हणे. खोकं तसंच मधल्या खोलीत उभं आहे आणि त्यांनी त्यावर समई ठेवली आहे. जावई हरिप्रसाद चांगला माणूस आहे, पण आईपुढे त्याचा आवाज आपल्या सांबूच्या दातांसारखा आहे, अजून यायचा आहे. त्या बाई दुष्ट नाहीत हो. पोराचा ताप वाढला की रात्र रात्र उशाशी बसून नाव घेतात, ओला पंचा मात्र घालू देत नाहीत. श्रीलक्ष्मी हात जोडून विनवत होती तेव्हा त्या तुमचं नाव घेऊन एवढंच बोलल्या:

"वेंकटस्वामी सांगू देत. मग मी आपणच बटण दाबतें."

आता लावण्याकडे येतो. तुमची मुलगी बंगळुरूला काय करते असं कोणी विचारलं की तुम्ही "सूक्ष्माचा अभ्यास" म्हणून आकाशाकडे पाहता. ती उंदरांच्या मिशांवर काम करते, मामा. मिशा, दात आणि घामाच्या ग्रंथी. गेल्या आठवड्यात ती इकडे आली आणि माझ्या टेबलापाशी आपले दोन तळवे एकमेकांवर ठेवून कातडीचं सगळं रामायण मांडून गेली. गर्भात बाळाच्या कातडीचा वरचा थर आणि खालचा थर एकमेकांशी सारखे बोलत असतात. बोलतात म्हणजे एक पेशी प्रथिनाचा निरोप सोडते आणि दुसऱ्या पेशीच्या अंगावर तो निरोप ऐकायचा कान असतो. भाताच्या लावणीला मुकादमीण बांधावरून ओरडते ना, इथे रोप लाव, आता वीतभर सोड, इथे लाव, तसं काही प्रथिनं म्हणतात उगव आणि काही म्हणतात शेजारी उगवू नको. निरोप पोचला की कातडीला तिथे बारीकशी खळी पडते. त्या खळीचा कुठे केस होतो, कुठे दात, कुठे घामाची ग्रंथी. वरवर पाहता मिशी आणि दाढ यांचा काय संबंध, पण दोघी सख्ख्या बहिणी आहेत. आपल्या घराण्यात त्या मुकादमिणींपैकी एकीचा आवाज बसलेला आहे, त्यामुळे शेत बरंचसं ओसाड राहतं. एवढीच आपली सिद्धी. उंदरांमध्येही अगदी हाच दोष असलेला एक वंश आहे, त्यांनाही केस कमी, दात वाकडे आणि पंजांना घाम नाही. त्यांना कोणी अजून हार घातलेला नाही.

पुढचं तिने मान खाली घालून सांगितलं, तुमची मुलगी आहे शेवटी. हा दोष एक्स नावाच्या गुणसूत्रावर बसून प्रवास करतो. बाप आपलं एक्स मुलीला देतो, मुलाला देतो ते वाय. आजोबांनी एक्स दिलं ते आईला. तुम्हाला वाय. म्हणजे घराण्याचं संतपण आई स्वयंपाकघरात घेऊन बसली आणि तुमच्या वाट्याला आलं ते नुसतं आसन. बायकांकडे दुसरं एक्स चांगलं असतं म्हणून त्यांच्यात तो अर्धामुर्धाच दिसतो. लावण्याने श्रीलक्ष्मीच्या पाठीला आयोडीन फासलं, वरून कॉर्नफ्लॉवर भुरभुरलं आणि तिला गच्चीवर उन्हात बसवलं. घाम येईल तिथे काळंनिळं होतं, न येईल तिथे पांढरं राहतं. पाठीवर वाघासारखे पट्टे उठले. दुधाच्या ग्रंथींनाही हेच निरोप लागतात, म्हणून तिला दूध कमी होतं. आणि त्यावरून त्या पोरीने सासरी किती ऐकून घेतलं आहे ते मला आठवलं की माझ्या चार दातांनी कोणाला तरी चावावंसं वाटतं. परदेशात म्हणे ते हरवलेलं प्रथिन बाळ पोटात असतानाच सुईने पोचवून पाहतात, अजून प्रयोग चालू आहेत. सांबूला त्याचा उपयोग नाही. त्याला हवं ते एवढंच, की थंड ठेवा, पाणी पाजा, थोडा मोठा झाला की दातांच्या डॉक्टरकडून कवळी करून घ्या. असा मुलगा छान म्हातारा होतो, मधल्या उन्हाळ्यांतून निभावला तर.

गच्चीवर आईही होती. तिने हट्टाने स्वतःच्या पाठीलाही ते फासून घेतलं. लावण्याने आरशात दाखवलं, आईने आपले पट्टे पाहिले. मग पदर ओढून घेत म्हणाली:

"म्हणजे माझ्या कार्तिकला कोणी नेलं नव्हतं."

तुम्हाला आठवत असेल कार्तिक. माझ्याआधीचा. तुम्ही तेव्हा तिरुचीला कॉलेजात होतात. आजोबा जाऊन वर्ष झालं नव्हतं, बाळ त्यांच्यासारखं, म्हणून ते परत आले असं ठरलं. अग्निनक्षत्रात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात होरपळणाऱ्या दिवसांत, त्याला ताप चढला. आई म्हणत होती हौदात बसवू द्या, घरातल्यांनी समाधीला हात लावू दिला नाही. मग स्वामी आले तसे परत गेले, असं म्हणून सगळे मोकळे झाले. आई झाली नाही. मी जन्मलो तेव्हा तिने कोणाला विचारलं नाही, नवस आहे असं सांगून मला परसातल्या घंगाळात बसवून वाढवलं. माझं बालपण पाण्यात गेलं ते या बाईने एक खोटा नवस बोलल्यामुळे. सांबूकडे पाहिलं की मला फार भीती वाटते, मामा. अग्निनक्षत्र दारात आहे आणि मधल्या खोलीत खोक्यावर समई जळते आहे.

बाकी सर्व क्षेम. आपल्या आसनाविषयी मला काडीचाही मत्सर नाही, मला गार फरशी पुरते. मामींस नमस्कार, सतीशकुमारला आशीर्वाद आणि त्याच्या कमरेच्या फोनला विश्रांती.

आपला कोरडा भाचा,
भीमसेन

ता. क. – वर मी आजोबांविषयी जे जे लिहिलं ते सगळं खरं आहे आणि ते तुम्ही कोणालाही सांगू नये. गुणसूत्रं सांगून चंद्रमतीमावशी बटण दाबायच्या नाहीत. तुम्हाला एक स्वप्न पडायला हवं आहे. या सोमवारच्या आत, अग्निनक्षत्र लागण्याआधी. आजोबा स्वप्नात यावेत आणि म्हणावेत की मी जन्मभर पाण्यात उभा राहिलो, आता माझ्या लेकराला का भाजता, त्याला थंड खोलीत ठेवा आणि अंगावर ओलं वस्त्र घाला. मग तुम्ही तिरुवैयारूला जाऊन ते सांगावं. ती थंडी खोक्यातून येते, हे आजोबांनी उच्चारायची गरज नाही, खोकं चंद्रमतीमावशींच्या डोळ्यांसमोरच आहे.

ता. क. दुसरा – एका स्वप्नात दोन आज्ञा घालू नका, संशय येतो. दातांच्या डॉक्टरसाठी आडी महिन्यात, ऊन उतरल्यावर, वेगळं स्वप्न पाहता येईल. आजोबांचे शब्द सांगताना स, त, द जरा बोबडे काढावेत, त्यांना दात नव्हते. आणि निघताना दाढी-डोकं नीट करून निघावं.

ता. क. तिसरा – सोबतच्या डब्यावर आईने "विभूती" असं तमिळमध्ये लिहिलं आहे. आत मुरुक्कू आहेत. तिने तांदूळ जरा जास्त भिजवले आहेत, त्यामुळे आवाज कमी होईल असं तिचं म्हणणं आहे.

ता. क. शेवटचा – हे पत्र आईला दाखवलेलं नाही. तिला आता सगळं कळलं आहे, स्वप्न वगैरे तिला पटायचं नाही. तरी इकडे आलात की तिलाही सांगा. आजोबा पाण्याच्या कडेला बसले होते आणि त्यांच्या मांडीवर एक लहानसं पोर होतं, असं म्हणा. तुम्ही त्याच्या अंगाला हात लावून पाहिलात आणि ते गार होतं, असं म्हणा.